इंजिन उघडायच्या आधी टाकीचं बूच उघडून बघा



१ ऑगस्टची पहाट चापोरा जेटीवर कशी असते हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. ६१ दिवस बांधून पडलेल्या बोटी, ताज्या रंगाचा वास, बर्फाच्या गाड्या, खलाशांची आरडाओरड. आणि प्रत्येक बोटमालकाच्या डोक्यात एकच हिशेब चाललेला: पहिल्या आठवड्यात सुंगटं चांगली लागतात, भाव बरा मिळतो, तेवढ्यात पावसातली उसनवारी फेडून टाकायची.

तीन वर्षांपूर्वी त्या पहाटे मी काकांच्या बोटीवर होतो. नारळ फोडला, दोर सोडला, नदीचं मुख ओलांडलं. जेटी सोडून पंचवीसेक मिनिटं झाली असतील. इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोनदा अडखळला आणि बंद. परत सेल्फ मारला. चालू झालं, मिनिटभर धापा टाकल्यासारखं केलं, परत बंद.

मग जे सगळ्या बोटींवर होतं तेच झालं. इंजिनाच्या खणाचं झाकण उघडलं आणि काका, तांडेल, मी आणि दोन खलाशी अशी पाच डोकी आत. एकाच्या हातात टॉर्च, एकाच्या हातात पाना, आणि पाचही जणांच्या तोंडात वेगवेगळं निदान. "एअर धरली." "फिल्टर चोंदला." "नोझल गेले." "मी मे महिन्यातच म्हटलेलं, पंप बघून घ्या." मागच्या बाजूला एकटा बसलेला सर्वांत लहान खलाशी ओरडला म्हणून आम्ही वर बघितलं. पश्चिमेचा वारा, वर लाटेचा रेटा. बोट आडवी होऊन मोरजीच्या बाजूला, वाळूच्या पट्टीवर लाटा फुटत होत्या तिकडे सरकत चालली होती. नांगर टाकायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धावाधाव करून टाकला, तो धरला, आणि मागून येणाऱ्या बोटीने आम्हाला ओढून परत आणलं. नांगर घसरला असता तर आज हे लिहायला वेगळाच विषय मिळाला असता.

जेटीवर येऊन फिल्टर बदलला. टाकीत कचरा आहे का म्हणून बूच काढून वाकून बघितलं, टाकी स्वच्छ. एअर काढली, इंजिन चालू केलं. जागेवर तासभर मस्त चाललं. "बघ, फिल्टरच होता," तांडेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाहेर गेलो, अर्ध्या तासात बंद. यावेळी आधी नांगर टाकला, एवढी प्रगती झाली होती.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याला दोष देणार नाही, कारण तो बोटीवर पाय ठेवायच्या आतच आम्ही त्याला सांगितलं, "पंप गेलाय, काढ." डॉक्टरकडे जाऊन आपण पोटात दुखतं असं न सांगता "माझं अपेंडिक्स काढा" म्हणावं, तसं. त्याने काढला. पंप म्हापशाला गेला, दोन दिवसांनी आला, अठरा हजारांचं बिल घेऊन आला. बसवला, जेटीवर इंजिन चालू केलं. लोण्यासारखं. सहाव्या दिवशी समुद्रात पंचवीस मिनिटं. बंद.

तोपर्यंत शेजारच्या बोटींनी सुंगटांच्या पाच फेऱ्या विकल्या होत्या. काका कोणाशी बोलत नव्हते.

त्या दुपारी काकी जेवणाचा डबा घेऊन जेटीवर आली. नुकतंच आम्हाला ओढून आणलं होतं. खलाशी कॅनमधून डिझेल ओतायला टाकीचं बूच फिरवत होता. बूच सैल झालं तसा आवाज आला, फुस्स.

काकी म्हणाली, "कुकरसारखा आवाज कसला रे तो?"

"टाकीचा, काकी. रोज येतो."

रोज येतो! सहा दिवस रोज तो आवाज त्या पोराच्या कानावर पडत होता, आणि आम्हा शहाण्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. त्याने पण सांगितलं नाही, कारण एवढी मोठी माणसं पंपाबद्दल बोलत असताना बुचाबद्दल कोण बोलणार?

कुकरमधून वाफ बाहेर येते. आमची टाकी उलटा कुकर झाली होती, ती हवा आत ओढत होती. टाकीला हवा घ्यायला एक वाकडी नळी असते, डेकवर वर येऊन हुकासारखी खाली वळलेली. तिच्या तोंडावरची जाळी रंगकामाच्या वेळी काढली होती ती परत बसवलीच नव्हती. आत तार घातली तर सुकलेली माती बाहेर आली, आणि मातीच्या मागोमाग कोळ्यांची मढी. कुंभारीण माशी. दोन महिने बोट बांधलेली, नळी बोटाएवढी, पावसापासून आडोसा. तिने अंडी घालून, पोरांच्या जेवणासाठी कोळी भरून, दार लिंपून टाकलं होतं.

तार, फुंकर, पाच मिनिटं. त्यानंतर ते इंजिन त्या कारणाने आजतागायत बंद पडलेलं नाही.

आता यात काय झालं ते नीट समजून घेऊ, कारण असंच कोणाच्या तरी बोटीवर या वर्षी होणार आहे. शहाळ्याला एकच भोक पाडून उलटं करा. पाणी गळगळ करत अडखळतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तसंच आहे. जेवढं डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. नळी बंद असली की आत ओढ तयार होते. इंजिनाचा पंप एका बाजूने ओढतो, टाकी दुसऱ्या बाजूने, आणि थोड्या वेळाने टाकी जिंकते.

आमची टाकी पहिल्या दिवशी काठोकाठ भरलेली होती. वर हवेला जागाच कमी, म्हणून चारपाच लिटर डिझेल गेल्यावरच ओढ जबर झाली. अर्धी टाकी असती तर दोनतीन तास चालली असती आणि आम्ही अजून लांब जाऊन अडकलो असतो. जेटीवर तासभर का चाललं? कारण बांधलेल्या बोटीचं इंजिन, भार नाही, डिझेल जेमतेम खातं. म्हणून जेटीवरची परीक्षा पास, समुद्रात नापास.

आणि सगळ्यांत मोठी फसगत ही: आम्ही काहीही केलं तरी त्यानंतर इंजिन चालू व्हायचं! फिल्टर बदलताना बूच उघडलं होतं, ओढ गेली. पंप दोन दिवस म्हापशाला होता, तेवढ्यात हवा कुठून तरी झिरपून आत आली, ओढ गेली. दरवेळी गुण बुचाचा किंवा वेळेचा, आणि श्रेय मिळालं फिल्टरला, पंपाला, मेकॅनिकला. तुमचं इंजिन बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप बरं होत असेल, भरल्या टाकीवर लवकर आणि अर्ध्या टाकीवर उशिरा बंद पडत असेल, तर पान्याला हात लावू नका. आधी बूच सैल करा, कान द्या. फक्त लाटा डेकवर येत असताना ते उघडं ठेवू नका, नाहीतर हवेच्या बदल्यात खारं पाणी टाकीत जाईल आणि मग खरंच पंपाचं काम निघेल.

या प्रकारानंतर मला विमानांचं वेड लागलं. हसू नका. बोट आणि विमान यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, दोघांनाही बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेला लावता येत नाही. आणि विमानवाले अपघात झाला की का झाला ते लिहून काढून जगभर वाटतात. आपण काय करतो? "समुद्राला मान्य नव्हतं" म्हणतो.

वाचता वाचता मला आमची कुंभारीण माशी भेटली. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता विमानतळावरून एक बोइंग ७५७ उडालं आणि काही मिनिटांतच समुद्रात पडलं. १८९ माणसं होती, एकही वाचलं नाही. विमानाचा वेग मोजायला बाहेर एक बारीक नळी असते, तीच चोंदलेली होती. वैमानिकाला वेग खोटा दिसत होता. विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं, नळ्यांवर टोपणं घातली नव्हती, आणि चौकशी करणाऱ्यांचा संशय गेला तो मातीचं घर बांधणाऱ्या माशीवर. वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. काकांच्या बोटीवर आम्ही सहा जण होतो.

पाच डोकी इंजिनात घालायची आमची सवय तर विमानवाल्यांमध्ये पण निघाली. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीला आलेल्या विमानात पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागला नाही. बल्ब उडाला होता, एवढंच. चाक खालीच होतं. कॉकपिटमध्ये चार माणसं, आणि चौघांचं लक्ष त्या बल्बात. कोणी तो काढतंय, कोणी बसवतंय, एक जण खाली उतरून चाक दिसतं का बघतोय. विमान आपोआप एका उंचीवर चालत राहील असं लावून ठेवलं होतं, ते नकळत सुटलं आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत आदळलं. १०१ माणसं गेली. विमानात काहीही मोठं बिघडलेलं नव्हतं.

म्हणून वैमानिकांना शिकवतात की काहीही बिघडलं तरी पहिलं काम विमान उडवणं, दुसरं आपण कुठे आहोत ते बघणं, तिसरं कोणाला तरी कळवणं. दुरुस्ती त्यानंतर. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी नांगर टाका आणि एक माणूस चाकावर ठेवा. मग किनारा आणि खडक किती लांब आहेत ते बघा. मग व्हीएचएफवर चॅनल १६ ला सांगा, शेजारच्या बोटींना सांगा, जीवावर बेतलं तर कोस्ट गार्डला १५५४. मग पाना. आमच्या बोटीवर आता इंजिनाच्या खणात एका वेळी दोनच डोकी जातात. बाकीच्यांनी समुद्राकडे बघायचं. काकांचा नियम आहे, आणि ते स्वतः तिसरं डोकं घालायला गेले की काकीचं नाव घेऊन त्यांना बाहेर काढावं लागतं.

सगळ्याच गोष्टी रडवणाऱ्या नाहीत बरं का. कॅनडातलं एक मोठं विमान २३ जुलै १९८३ ला ४१,००० फुटांवर असताना डिझेल संपल्यासारखं बंद पडलं. "संपल्यासारखं" नव्हे, खरंच संपलं होतं. इंधनाचे काटे चालत नव्हते म्हणून जमिनीवर असताना टाकीत किती आहे ते पट्टीने मोजलं, आपण काठी बुडवून मोजतो तसं. मोजमाप बरोबर होतं. पण लिटरचे किलो करताना गुणाकार पौंडाच्या आकड्याने केला, आणि लागणार होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन स्वारी निघाली. कॅप्टन हौशी ग्लायडर उडवणारा निघाला म्हणून बरं. एवढं मोठं विमान त्याने इंजिनाशिवाय तरंगत आणून गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, तीही गाड्यांच्या शर्यतीसाठी वापरत होते आणि माणसं तिथे पोरंबाळं घेऊन सुट्टीला आली होती. ६९ जण वाचले. नवीकोरी यंत्रं, हुशार माणसं, आणि चुकला तो गुणाकार. आमची काकी मासळीच्या हिशेबात असली चूक करणार नाही. तिला किलो आणि पाटी वेगळी कळते.

विमानात ब्लॅक बॉक्स असतो, शेवटी कोण काय बोललं ते सांगणारा. आमचा ब्लॅक बॉक्स काकी. कोणी कुठल्या तारखेला कुठली नळी काढली, कोणी "नंतर लावतो" म्हटलं, सगळं तिच्या लक्षात. खरा ब्लॅक बॉक्स काळा नसतो, नारिंगी असतो, सापडायला सोपा जावा म्हणून. काकी पण जेटीवर लांबूनच सापडते.

तिच्याशी बोलून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. सीझनच्या सुरुवातीला जे बिघडतं त्यातलं पुष्कळसं आपणच बिघडवलेलं असतं, बंदीच्या दोन महिन्यांत हात लावून. म्हणून "काय खराब झालं?" विचारण्याआधी "शेवटचा हात कुठे लागला?" विचारा.

फिशफाइंडर आंधळा झाला? मागच्या वर्षी जेटीवर एकाने नवा घ्यायची तयारी केली होती. बोट वर काढली तेव्हा रंगाऱ्याने तळाला रंग मारताना सेन्सरवर पण तीन जाड हात दिले होते. त्यावर हसत होतो तेव्हा मला पेरूमधलं विमान आठवलं. २ ऑक्टोबर १९९६, लिमा. विमान धुताना हवेचा दाब मोजायच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि ती काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकाला ना उंची खरी कळेना ना वेग. ७० माणसं गेली. चिकटपट्टी आणि रंगाचा ब्रश, फरक नशिबाचा. रंगाऱ्याला कामाला लावताना सेन्सर आणि जस्ताच्या वड्या दाखवून ठेवा. जस्तावर रंग चढला की ते काम करत नाही, आणि गंज पंख्याच्या दांड्याला लागतो.

इंजिन तापतंय? हेड उघडायच्या आधी समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडलाय का बघा. बोट वर काढताना तो बंद केलेला असतो. उघडा असेल तर जाळीत प्लास्टिकची पिशवी. सेल्फ नुसता "टक" करतोय? नवी बॅटरी आणायच्या आधी टर्मिनल काढून त्यावरची हिरवी-पांढरी पूड घासा, आणि इंजिनाच्या अंगाला लागलेली अर्थची वायर पण घासा, ती कोणी बघत नाही. होडीचं आउटबोर्ड कितीही दोरी ओढली तरी उठत नाही? मनगटाला बांधायची लाल दोरी, तिची क्लिप जागेवर आहे का? तिच्या टाकीच्या बुचावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का? पेट्रोलच्या नळीवर बर्फाचा क्रेट तर ठेवला नाही ना? हे मी वरवर सांगत नाही, यातलं प्रत्येक मी स्वतः केलंय, क्रेटचं तर दोनदा.

वायरलेसवर कोणीच बोलत नाही असं वाटलं तर खरखर दाबायचं ते बटण पूर्ण फिरवलेलं असतं, नाहीतर चॅनल बदललेला. आमच्याकडे एका पोराने गाणी लागतात का बघायला बदलला होता.

अर्थात सगळं फुकटात सुटत नाही. ऑइल दुधासारखं पांढरं झालं, तर आत पाणी गेलंय. तिथे बुचं तपासत बसू नका, इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. ऑइलचं प्रेशर पडलं तरी तेच. आणि मेकॅनिकला बोलवाल तेव्हा त्याला निदान सांगू नका. किती मिनिटांनी बंद पडलं, टाकी किती होती, भार होता की नव्हता, परत कधी चालू झालं, एवढं सांगा. आमच्या मेकॅनिकने नंतर स्वतःच सांगितलं, "पंचवीस मिनिटांची गोष्ट पहिल्या दिवशी कळली असती तर मी पंप खोललाच नसता." आम्ही सांगितलीच नव्हती.

विमानवाल्यांकडून आम्ही एक गोष्ट सरळ चोरली. १९३५ साली अमेरिकेत एक नवं बॉम्बर विमान चाचणीत पडलं. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटी हलू नये म्हणून लावलेली कडी काढायची राहिली होती, आणि चालवणारे नवशिके नव्हते, चांगले अनुभवी होते. त्यानंतरच उडण्याआधी कागद हातात धरून एकेक गोष्ट वाचायची पद्धत रुळली. आणि उभ्या विमानाच्या नळ्यांवर, भोकांवर टोपणं घालतात, त्यांना लांब लाल पट्टी लोंबत असते, उडण्याआधी काढायची आठवण म्हणून. वैमानिक विमानाभोवती फेरी मारून बघतो. आपला तांडेल पण फेरी मारतो, पण नारळ आणि अगरबत्ती घेऊन.

तर आता ३१ मे ला बोट बांधताना काकी जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून देते. जिथे जिथे बूच घातलं, व्हॉल्व्ह बंद केला, नळीत कापड कोंबलं, वायर काढली, तिथे एक चिंधी बांधायची. किती बांधल्या तो आकडा खडूने चाकाजवळ लिहायचा. १ ऑगस्टला नारळ फोडायच्या आधी सगळ्या चिंध्या काढून चाकाजवळ आणायच्या आणि मोजायच्या.

गेल्या वर्षी खडूने अकरा लिहिलं होतं. मोजल्या तर दहा. बर्फ भरून झाला होता, शेजारच्या दोन बोटी सुटल्या होत्या, तांडेल म्हणाला, "उंदराने नेली असेल, चला." काकांनी दोर सोडू दिला नाही. पाऊण तास शोधलं. अकरावी बाहेरच्या बाजूला, बिल्ज पंपाचं पाणी समुद्रात पडतं त्या नळीच्या तोंडात होती, कापडाच्या बोळ्यासकट.